दुधाची रतीब प्रणाली: एक सेवा पडली तरी बाकीच्या उभ्या ठेवण्याच्या कामाच्या नोंदी (पुणे, ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५)

सोमवार, १८ ऑगस्ट

घरपोच दुधाच्या रतीबाची ही प्रणाली आहे. ग्राहक रात्री १० पर्यंत उद्याच्या दुधात बदल करतो: खाडा टाकतो, जादा पिशवी मागतो, पत्ता बदलतो. १० नंतर बदल बंद. मग लाइनवार (वाटपाच्या मार्गानुसार) यादी बनते आणि पहाटे ४ ला कोथरूड, सिंहगड रस्ता, हडपसर, बाणेर या चारही डेपोंवर क्रेट लावायला ती हातात लागते.

सेवा, म्हणजे वेगवेगळे चालणारे प्रोग्राम, सहा आहेत: रतीब, पाकीट (ग्राहकाच्या पैशांची शिल्लक), साठा (डेपोवरचं दूध), लाइन (वाटपाच्या याद्या), पोच (दारात दूध दिल्याची नोंद) आणि निरोप (ग्राहकाला एसएमएस). पुढे एक गेटवे, सगळ्या विनंत्यांचं दार. सगळं जावाच्या स्प्रिंग बूटवर, डेटाबेस पोस्टग्रेस, सेवांमधल्या घटनांची ने-आण काफ्का या रांगेवर, चालतं कुबरनेटीसवर (सेवांच्या प्रती उभ्या करणारी, सांभाळणारी प्रणाली).

कामाची कसोटी आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचे वाद हिच्यावरच तोलता येतील. काहीही पडलं तरी पहाटे ४ ला डेपोवर यादी असली पाहिजे, आणि ग्राहकाने टाकलेला खाडा हरवता कामा नये. बाकी सगळं थांबलं तर चालेल, थोडा वेळ.

आजची रचना या कसोटीवर कुठे बसते? जादा पिशवीची एक विनंती गेटवे, रतीब, पाकीट, साठा, लाइन अशा पाच ठिकाणी एकामागून एक थांबते. प्रत्येक सेवा ९९.९ टक्के वेळ चालू धरली, तर साखळी ०.९९९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ९९.५ टक्के. ३० दिवसांच्या महिन्यात एकेका सेवेची बंद वेळ ४३ मिनिटं, साखळीची मात्र साडेतीन तासांहून जास्त. हा हिशेबही सौम्यच आहे, कारण त्यात प्रत्येक सेवा आपापली पडते असं धरलंय. प्रत्यक्षात एक पडताना शेजारच्यांना घेऊन पडते. पुढचे सात आठवडे काम आहे ते याच ओढाओढीवर.

मुदत: कोजागरी, सोमवार ६ ऑक्टोबर. वर्षातली दुधाची सगळ्यात मोठी मागणी त्या दिवशी असते.

बुधवार, २० ऑगस्ट

बाहेर जाणारा प्रत्येक कॉल शोधून त्याचा टाइमआउट (किती वेळ वाट पाहून सोडून द्यायचं) लिहून काढला. नुसतं न्यू करून बनवलेला रेस्टटेम्प्लेट (दुसऱ्या सेवेला कॉल करायचं स्प्रिंगचं साधन) चार ठिकाणी सापडला. त्याला कनेक्शनचाही टाइमआउट नसतो आणि वाचनाचाही नसतो. समोरचा गप्प बसला की आपला थ्रेड (एका वेळी एक विनंती हाताळणारा धागा) अनंतकाळ गप्प.

चाचणी: रतीब आणि पाकीट यांच्यामध्ये टॉक्सिप्रॉक्सी (मुद्दाम उशीर किंवा बिघाड घालणारं चाचणीचं साधन) बसवली. आधी पाकीट सेवा सरळ बंद केली. रतीब सेवेला ‘कनेक्शन नाकारलं’ असं लगेच कळलं, ग्राहकाला ‘चूक झाली’ असा संदेश गेला, खाडे मात्र बिनबोभाट नोंदत राहिले. मग पाकीट सेवा चालू ठेवून तिचं उत्तर ३० सेकंदांनी उशिरा येईल असं केलं आणि सेकंदाला ४० विनंत्या सोडल्या. टॉमकॅटचे (स्प्रिंग बूटमधला वेब सर्व्हर) मुळातले थ्रेड २००. २०० भागिले ४०, पाच सेकंद. सहाव्या सेकंदापासून रतीब सेवेचा एकही थ्रेड मोकळा नव्हता. खाडा टाकायला पाकिटाशी काही देणंघेणं नाही, तरी खाडेही बंद पडले. त्यात टॉमकॅट ८१९२ कनेक्शनपर्यंत माणसं आत घेतच राहतो, त्यामुळे बाहेरून सेवा जिवंत दिसते.

मेलेली सेवा परवडते, रेंगाळणारी नाही. इथून पुढे प्रत्येक चाचणी आधी ‘उशीर’ लावून करायची, ‘बंद’ करून नंतर.

ठरवलेले आकडे: क्लस्टरच्या आतल्या कॉलला कनेक्शन टाइमआउट ३०० मिलीसेकंद, वाचनाचा पाकिटासाठी ८००, साठ्यासाठी ६००. हे आकडे एकेकटे ठरवले तर बेरीज फसते. म्हणून गेटवे प्रत्येक विनंतीला एकूण ३ सेकंद देतो आणि उरलेला वेळ हेडरमधून पुढे पाठवतो. पुढची सेवा आपला टाइमआउट आणि उरलेला वेळ यातला जो कमी तो धरते. उरलेला वेळ संपला असेल तर काम हाती न घेताच ५०३ (‘आत्ता सेवा नाही’) परत. ग्राहक स्क्रीन सोडून गेलाय, त्याच्यासाठी डेटाबेस कशाला शिणवायचा?

दोन जागा सहज नजरेतून सुटतात. हिकारी पूलमधून (डेटाबेसच्या तयार कनेक्शनचा गठ्ठा) कनेक्शन मिळण्याची वाट मुळात ३० सेकंद असते. बाहेरची मर्यादा ३ सेकंद असताना आत ३० सेकंद थांबण्यात अर्थ नाही, म्हणून ५०० मिलीसेकंद केली (२५० च्या खाली हिकारी घेत नाही). आणि वरचा कॉल सोडून दिला तरी पोस्टग्रेसमध्ये ती क्वेरी चालूच राहते. म्हणून रतीब आणि पाकिटाच्या डेटाबेस वापरकर्त्यांना स्टेटमेंट टाइमआउट २ सेकंद. यादी बनवणाऱ्या कामाचा वापरकर्ता वेगळा, त्याला ५ मिनिटं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

रिट्राय, म्हणजे फसलेला कॉल पुन्हा करणं. गेटवे तीनदा प्रयत्न करत होता, रतीब तीनदा, पाकीट डेटाबेसवर तीनदा. ३ × ३ × ३ = २७. डेटाबेस धापा टाकत असताना ग्राहकाच्या एका बोटाने त्याच्यावर २७ क्वेऱ्या पडत होत्या. प्रत्येक थर लिहिणाऱ्याने आपल्या जागी शहाणपणाच केला होता, एकत्र पाहायला कोणी नव्हतं.

आता रिट्राय फक्त रतीब सेवेत. एकूण दोन प्रयत्न. रेझिलियन्स-फोर-जेमध्ये (रिट्राय आणि ब्रेकर पुरवणारी जावाची लायब्ररी) प्रयत्नांची संख्या पहिला धरून मोजतात. तिथे ३ लिहिलं म्हणजे ‘आणखी तीन’ नव्हे, आणखी दोन. मधला थांबा ० ते २०० मिलीसेकंद यातला कुठलाही, यदृच्छेने. थांबा सगळ्यांना सारखाच ठेवला तर सगळे एकदम पडतात आणि एकदमच परत दार ठोठावतात.

वर एक आळा: प्रत्येक यशस्वी कॉलमागे खात्यात ०.१ जमा, प्रत्येक रिट्रायला १ खर्च, जमेची कमाल १०. बरं चाललेलं असताना रिट्राय भरपूर मिळतात. सगळंच पडलं की खातं रिकामं होतं आणि रिट्राय आपोआप थांबतात.

४२९ (‘फार विनंत्या’) सोडून ४०० मालिकेतल्या (विनंतीतच दोष) कुठल्याही चुकीवर रिट्राय नाही. पैसे कापण्याच्या कॉलवर तर ओळखकिल्ली (तीच विनंती दुसऱ्यांदा आली हे ओळखण्याची खूण) ठरेपर्यंत रिट्राय बंदच. ते काम १ तारखेला.

सोमवार, २५ ऑगस्ट

सर्किट ब्रेकर: समोरची सेवा बिघडलेली दिसली की हा ‘उघडतो’ आणि तिच्याकडचे कॉल थांबवतो. याच्या मुळातल्या आकड्यांवर विसंबलो असतो तर तो नावालाच राहिला असता. खिडकी (किती मागचं पाहून ठरवायचं) १०० कॉलची, निकाल देण्याआधी किमान १०० कॉल हवेत. लाइन सेवेकडे दुपारी मिनिटाला जेमतेम दोन कॉल जातात. पहिला निकाल लागायला ५० मिनिटं. शिवाय ‘मंद कॉल’ म्हणजे ६० सेकंदांच्या वरचा, आणि आमचा टाइमआउट ८०० मिलीसेकंदांचा. मंद म्हणून एकही कॉल कधी मोजलाच गेला नसता.

बसवलेलं: खिडकी वेळेची, ३० सेकंद, किमान २० कॉल (लाइन सेवेला दुपारी इतके होतच नाहीत, तिथे भिस्त टाइमआउटवरच), चुका ५० टक्के, ५०० मिलीसेकंदांवरचा कॉल मंद, मंद कॉल ६० टक्के झाले की उघड, १५ सेकंद उघडा राहून अर्धवट उघड्या स्थितीत ५ कॉल. ब्रेकर प्रत्येक पॉडचा (सेवेची एक चालती प्रत) स्वतःचा असतो. सहा पॉड म्हणजे नुकत्याच सावरणाऱ्या सेवेवर ५ नाही, ३० चाचणी कॉल. हे धरूनच ५ ठेवले.

चाचणीत एक फार बोलकी चूक निघाली. ‘शिल्लक अपुरी’ हे पाकीट सेवेचं अगदी बरोबर उत्तर, पण कोडमध्ये ते एक्सेप्शन (अपवाद, चूक) म्हणून येतं आणि ब्रेकर ते बिघाड म्हणून मोजत होता. महिनाअखेरीस बऱ्याच घरांची पाकिटं तळाला गेलेली असतात. म्हणजे ३० तारखेच्या रात्री, काहीही बिघडलेलं नसताना, ब्रेकर उघडला असता आणि पैसे असलेल्यांचेही बदल अडले असते. अशी एक्सेप्शन्स दुर्लक्षाच्या यादीत टाकली. नियम केला: समोरच्या सेवेने विचार करून दिलेला नकार हे यश.

आणखी दोन खाचा. रिट्राय मुळात ब्रेकरच्या बाहेर गुंडाळलेला असतो, त्यामुळे ब्रेकर उघडा असतानाही रिट्राय त्याच्यावर डोकं आपटत राहतो; ‘परवानगी नाही’ हे एक्सेप्शन रिट्रायमधून वगळलं. दुसरी: ब्रेकर लावणारं अ‍ॅनोटेशन (मेथडवरची खूण) स्प्रिंगच्या प्रॉक्सीमार्फत (क्लासभोवतीचं आवरण) चालतं. एकाच क्लासमधल्या मेथडने दुसरीला हाक मारली तर प्रॉक्सी मध्ये येत नाही, ब्रेकर लागतच नाही. साठा तपासणारी मेथड अशीच उघडी राहिली होती. वेगळ्या क्लासमध्ये हलवली.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

ब्रेकर उघडल्यावर करायचं काय, हे कोड लिहिणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. सिंहगड रस्त्याच्या डेपोवर मुकादमांना विचारलं, “काका, पाकिटात पैसे आहेत का ते कळलंच नाही, तर दूध टाकायचं का?” ते म्हणाले, “रोजच्या घराला टाकायचंच. पैसे उद्या घेता येतात, आजची पिशवी उद्या विकता येत नाही. नवीन घराचं मात्र विचारून सांगा.”

त्यावरून ठरलं. पाकीट गप्प असेल तर चालू रतीब तसाच जातो, कापायची रक्कम नंतरच्या नोंदीत. जादा पिशवी आणि नवीन रतीब घ्यायचा नाही, ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. साठा गप्प असेल तर कालचे आकडे. निरोप सेवा पडली तर कोणीच थांबायचं नाही. आणि खाड्याला पर्याय नाही. तो फक्त रतीब सेवेच्या स्वतःच्या डेटाबेसवर उभा राहील, दुसऱ्या कोणालाही न विचारता.

सोमवार, १ सप्टेंबर

दोनदा पैसे कापले जाण्याच्या तक्रारींचा माग.

घडतं ते असं. दूध टाकणारा पोरगा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमधून लिफ्टकडे जातो. दाराजवळच्या पेटीवर क्यूआरचं स्टिकर, फोनने स्कॅन. रेंजची एक काडी असते तेवढ्यात विनंती बाहेर पडते, सर्व्हरवर पैसे कापले जातात, उत्तर परत येईस्तोवर काडी गेलेली. फोनच्या हिशेबी स्कॅन अपुरा. वर आल्यावर अ‍ॅप तोच स्कॅन परत पाठवतं. विनंती हरवली की उत्तर हरवलं, हे फोनला कळायचा कुठलाही मार्ग नाही. त्यामुळे परत पाठवणं बरोबरच आहे, दुसऱ्यांदा कापणं चूक आहे.

किल्ली आधीही होती: रतीब क्रमांक, तारीख, वस्तू. तरी दुहेरी कापणी का? तक्रारी वेळेप्रमाणे लावल्या तेव्हा दिसलं. सगळ्या जोड्यांमध्ये पहिला स्कॅन पहाटे साडेपाचच्या आधीचा, दुसरा नंतरचा. किल्लीतली तारीख सर्व्हर यूटीसीत काढत होता. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे तिथली मध्यरात्र आपल्याकडे पहाटे ५:३० ला, दूध वाटपाच्या ऐन मध्यावर. ५:२० चा स्कॅन कालच्या तारखेत, ५:३५ चा आजच्या. दोन किल्ल्या, दोन कापण्या. आता तारीख घड्याळावरून काढायचीच नाही. यादीवर जी वाटपाची तारीख छापलेली आहे, तीच फोनमधून येते.

किल्ली ठेवण्याची जागाही बदलली. आधी ती रेडिसमध्ये (मेमरीतला वेगळा डेटाबेस) २४ तासांसाठी होती. रेडिसमध्ये किल्ली लिहिली आणि पैसे कापण्याआधी पॉड मेला, तर दूध गेलं पण पैसे कधीच कापले जाणार नाहीत. उलटा क्रम ठेवला तर दोनदा कापले जातील. दोन वेगळ्या डेटाबेसांत हा प्रश्न कुठल्याच क्रमाने सुटत नाही. म्हणून किल्ली आता पाकिटाच्याच पोस्टग्रेसमध्ये, युनिक बंधनासह, पैसे कापण्याच्या त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही एकत्र नोंदतात, नाहीतर एकही नाही). ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ने घालायची. ओळ पडली तर कापा, नाही पडली तर आधी साठवलेलं उत्तर परत द्या. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दुसरी पहिलीचा कमिट (नोंद पक्की होणं) होईपर्यंत थांबते, हे पोस्टग्रेस स्वतः पाहतं. ५० समांतर विनंत्या एकाच किल्लीने सोडून पाहिल्या; कापणी एक, उत्तरं पन्नासही सारखी.

आता पैसे कापण्याच्या कॉललाही रिट्राय चालू.

गुरुवार, ४ सप्टेंबर

खाडा हरवण्याची वाट बुजवली. रतीब सेवा खाडा डेटाबेसमध्ये लिहायची आणि मग काफ्कावर घटना टाकायची. या दोन्हींच्या मध्ये पॉड मेला की ग्राहकाच्या स्क्रीनवर खाडा दिसतो, लाइन सेवेला मात्र पत्ता नसतो, आणि गावाला गेलेल्या माणसाच्या दारात पिशवी नासते.

आउटबॉक्स, म्हणजे पाठवायच्या घटनांचं टेबल केलं. खाडा आणि घटनेची ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. वेगळा वाचक दर २०० मिलीसेकंदांनी १०० ओळी उचलतो, काफ्काकडून पोच आली की ओळीवर खूण करतो. ‘शेवटच्या क्रमांकाच्या पुढच्या ओळी’ असं वाचायचं नाही. क्रमांक ओळ घालताना मिळतो, कमिट नंतर होतो. १०१ आधी कमिट झाली आणि १०० मागून आली तर १०० कायमची सुटते. खुणेवरूनच वाचायचं.

दोन वाचक चालवून ‘स्किप लॉक्ड’ (दुसऱ्याने धरलेल्या ओळी सोडून पुढे) लावलं तर क्रम फिरतो. ‘खाडा’ आणि लगेच ‘खाडा रद्द’ अशा दोन घटना उलट्या पोचल्या, तर घरात दूध जाणार नाही. त्या घरात लहान मूल असेल तर ही चूक नुसत्या टक्केवारीने मोजता येत नाही. म्हणून प्रत्येक रतीबाला आवृत्ती क्रमांक दिला. लाइन सेवा आपल्याकडच्यापेक्षा जुनी आवृत्ती आली की टाकून देते. काफ्काची विभाग-किल्लीही रतीब क्रमांकच.

काफ्काचे तीन ब्रोकर (सर्व्हर), तीन प्रती, किमान दोन प्रती ताज्या असल्याशिवाय लेखन नाही, पोच ‘सगळ्यांची’. एक ब्रोकर गेला तर चालतं. दोन गेले तर लेखन नाकारलं जातं आणि घटना आउटबॉक्समध्ये साचतात. हेच हवंय.

उद्यापासून ८ तारखेपर्यंत प्रणालीत बदल बंद. ६ ला अनंत चतुर्दशी, पेठांमधले रस्ते मिरवणुकीला, तिथल्या लाइन लवकर निघणार.

मंगळवार, ९ सप्टेंबर

निरोप सेवेचा घोळ सापडला. काही ग्राहकांना एकच एसएमएस सहा-सात वेळा. कन्झ्युमर (काफ्कावरून नोंदी वाचणारा) एका वेळी ५०० नोंदी उचलतो, हा मुळातला आकडा. एसएमएस पाठवणाऱ्या बाहेरच्या पुरवठादाराकडून उत्तर ०.८ सेकंदांनी यायला लागलं की ५०० × ०.८ = ४०० सेकंद. दोन उचलींमधला मुळातला मर्यादा वेळ ३०० सेकंद. काफ्का समजतं कन्झ्युमर मेला, त्याचे विभाग दुसऱ्याला देतं, तो तेच ५०० पहिल्यापासून पाठवायला घेतो. त्याचाही तीनशेवा सेकंद उलटतो. हे चक्र थांबतच नाही, आणि पुरवठादारावरचा बोजा वाढल्याने उत्तर आणखी मंदावतं.

एका उचलीत ५० नोंदी, म्हणजे ४० सेकंद. पाठवलेल्या निरोपाची किल्ली टेबलात. तीन प्रयत्नांत न गेलेली नोंद बाजूच्या टॉपिकवर (वेगळ्या रांगेत), ऑफसेट (कुठवर वाचलं ती खूण) पुढे. एका खराब फोन नंबरमागे अख्खी रांग अडायला नको.

गुरुवार, ११ सप्टेंबर

लाइव्हनेस तपासणी (पॉड जिवंत आहे का हे कुबरनेटीस पाहतं ती) डेटाबेसलाही हात लावून पाहत होती. डेटाबेस मंदावला की दर १० सेकंदांच्या तीन तपासण्या चुकतात, आणि कुबरनेटीस सगळे पॉड मारून नव्याने उभे करतं. नवे पॉड एकदम कनेक्शन मागतात. आजारी डेटाबेसवर हाच शेवटचा घाव ठरतो. लाइव्हनेस आता फक्त ‘प्रोसेस अडकली आहे का’ एवढंच विचारते, वेगळ्या पोर्टवर, म्हणजे २०० थ्रेड भरलेले असतानाही उत्तर मिळतं. डेटाबेस रेडिनेसमध्येही (पॉड विनंत्या घ्यायला तयार आहे का ही तपासणी) नाही. सगळ्या पॉडचा डेटाबेस एकच. तो मंदावला की सगळेच एकदम विनंत्या घेणाऱ्यांच्या यादीतून बाहेर पडतील आणि ग्राहकाला निदान नीट संदेश द्यायलाही कोणी उरणार नाही.

कनेक्शनचा हिशेब: रतीबाचे ६ पॉड, पूल १० चा, ६० कनेक्शन. रोलआउटच्या (नवी आवृत्ती चढवण्याच्या) वेळी २५ टक्के जादा पॉड, दीडचे वर जाऊन दोन, म्हणजे ८० कनेक्शन. पोच सेवा त्याच डेटाबेस यंत्रावर आणखी ३० घेते. पोस्टग्रेसची मुळातली मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव. म्हणजे शांत दिवशी केलेलं साधं रोलआउटच पोच सेवेला पाडू शकत होतं. जादा पॉड एकच, पूल ८ चा: ५६ अधिक ३०.

पॉड बंद होताना विनंत्या तुटत होत्या. पॉडला विनंत्या घेणाऱ्यांच्या यादीतून काढणं आणि त्याला सिगटर्म (‘बंद हो’ हा सिग्नल) पाठवणं समांतर चालतं. नव्या विनंत्या काही क्षण मरणाऱ्या पॉडकडे येतच राहतात. म्हणून सिगटर्मआधी १० सेकंद नुसतं थांबणं, मग हातातलं काम संपवायला २० सेकंद. बेरीज ३०, आणि मुळातली सवलत नेमकी ३०. वाढवून ४५ केली. लाइन सेवेत मात्र सिगटर्म पोचतच नव्हता. कंटेनर शेल स्क्रिप्टने सुरू होत होता आणि शेल सिग्नल पुढे देत नव्हती. ‘एक्झेक’ हा एक शब्द घातला.

बुधवार, १७ सप्टेंबर

रात्री पावणेदहा ते दहाची झुंबड. चाचणीत आणलेला भार क्षमतेच्या दुप्पट. सगळं घ्यायचा प्रयत्न केला तर सगळ्यांनाच उशीर, सगळ्यांचेच टाइमआउट. म्हणून दारातच निवड: खाड्यासाठी ६० समांतर विनंत्या राखीव, जादा पिशवीसाठी ४०, रतीबाचा इतिहास पाहण्यासाठी १०. त्यावरच्यांना लगेच ५०३, थांबवून ठेवणं नाही.

अ‍ॅप ९:४५ ला ‘उद्याचं दूध पक्कं करा’ अशी सूचना देतं आणि त्याच क्षणी सगळे फोन ताजी माहिती ओढतात. ही गर्दी आपणच जमवलेली. सूचना आता ९:१५ ते ९:४५ मध्ये विखुरलेली.

बुधवार, २४ सप्टेंबर

दुपारी १:३० ला मुख्य डेटाबेस यंत्रावरून दुय्यम यंत्रावर जाण्याची कवायत. मुख्य यंत्राचं नेटवर्क तोडलं. दुय्यम यंत्र पुढे आलं, पण अ‍ॅप्लिकेशन उठली नाही. जुन्या कनेक्शनवर उत्तराची वाट पाहणारे थ्रेड तसेच लटकलेले. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरचा सॉकेट टाइमआउट मुळात शून्य, म्हणजे कधीच नाही. लिनक्सचं कीपअलाइव्ह (समोरचा आहे का हे चाचपणं) जरी चालू केलं तरी ते दोन तासांनी जागं होतं. प्रोसेस मारून केलेल्या आधीच्या चाचणीत हे दिसलं नव्हतं. तेव्हा यंत्र जिवंत होतं, त्याने कनेक्शन रीतसर तोडली होती. खऱ्या आयुष्यात यंत्र निरोप न घेताच जातं.

सॉकेट टाइमआउट ५ सेकंद. स्टेटमेंटच्या २ सेकंदांपेक्षा तो जास्तच हवा, नाहीतर चांगली कनेक्शन तुटतील. यादीच्या कामाच्या पूलला वेगळा, ३३० सेकंद. पत्त्यात दोन्ही यंत्रांची नावं आणि ‘मुख्यालाच जोड’ असा निर्देश, म्हणजे जावाने ३० सेकंद धरून ठेवलेल्या जुन्या डीएनएसवर भिस्त नको. पुन्हा कवायत केली, सगळे पूल ताजे झाले.

पाकिटाच्या डेटाबेसला दोन दुय्यम यंत्रं आणि ‘दोघांपैकी कोणत्याही एकाची पोच आल्याशिवाय कमिट नाही’. एकच समकालिक दुय्यम ठेवलं तर ते पडताच लेखन गोठतं. उपलब्धता वाढवायला आणलेलं यंत्र ती कमी करतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पहाटे ४ ची यादी. आमचं क्लस्टर (सेवा चालवणाऱ्या यंत्रांचा समूह) मायक्रोसॉफ्ट अ‍ॅझुरच्या पुण्यातल्या सेंट्रल इंडिया विभागात, तीन झोनमध्ये (स्वतंत्र डेटा सेंटरांमध्ये) पसरलेलं. एक झोन गेला तर उरलेल्या चार पॉडना सहाचं काम पेललं पाहिजे, म्हणून ऐन गर्दीतही प्रत्येक पॉड ६० टक्क्यांच्या आत. पण अख्खं क्लस्टरच दिसेनासं झालं तर? त्यासाठी रात्री १०:४५ ला कच्ची यादी. लाइन सेवेकडे काफ्कावरून आलेली स्वतःची प्रत असते, तिच्यातूनच बनते, त्या वेळी कोणाला एकही कॉल नाही. ती डेपोच्या संगणकावर उतरते आणि तिथेच छापली जाते. पक्की ३:१५ ला. ३:४० पर्यंत पक्की आली नाही तर मुकादम कच्ची उचलतात, कोणाच्या परवानगीशिवाय. दहानंतर ग्राहकाचे बदल बंदच असल्याने दोन्हींत फरक असतो तो फक्त साठ्यामुळे झालेल्या फेरफारांचा.

बुधवार, १ ऑक्टोबर

कोजागरीची रंगीत तालीम. दोन गोष्टी मोडल्या.

एक, २९ ऑगस्टचा निर्णय. पाकीट गप्प असताना जादा पिशवी घ्यायची नाही, हे रोजच्या दिवशी ठीक. कोजागरीला बहुतेक मागणी जादाचीच. तो निर्णय त्या रात्री लागू झाला तर धंदाच बंद. बदल: जुन्या ग्राहकाची २ लिटरपर्यंतची जादा मागणी कच्ची नोंद म्हणून घ्यायची, पैसे नंतर. डेपोची एकूण मर्यादा मात्र साठ्याच्या कालच्या आकड्यावर बांधलेली.

दोन, आमचीच किल्ली. त्या दिवशी संध्याकाळची एक जादा फेरी असते. रतीब क्रमांक, तारीख, वस्तू, तिन्ही सकाळसारखेच. संध्याकाळच्या प्रत्येक स्कॅनला सर्व्हर सकाळचंच उत्तर देत होता: ‘आधीच कापले’. ऑगस्टमध्ये किल्ली ढिली होती, आता गच्च झाली. किल्ली म्हणजे आता यादीतल्या ओळीचा क्रमांक; प्रत्येक फेरीची ओळ वेगळी. क्यूआर घराचाच राहतो, कुठल्या ओळीचं दूध ते अ‍ॅप हातातल्या यादीवरून ठरवतं. अ‍ॅपची नवी आवृत्ती सगळ्या फोनवर ४ तारखेपर्यंत.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

५ च्या रात्री ९:४० ला एसएमएस पुरवठादार मंदावला. निरोपाचा ब्रेकर उघडला, नोंदी साचल्या, साडेअकराला रांग रिकामी. रतीब सेवेच्या आलेखावर त्याची खूणही नाही. जादा पिशव्यांना ९:५० ते १० मध्ये ५०३ गेले, खाड्यांना एकही नाही. कच्ची यादी १०:४५ ला चारही डेपोंवर छापली गेली, पक्की ३:१५ ला.

संध्याकाळच्या फेरीत हडपसर डेपोच्या दोन फोनवर जुनीच आवृत्ती होती. त्यांचे स्कॅन ‘आधीच कापले’ म्हणून परतले. पोरांनी छापील यादीवर पेनाने खुणा केल्या होत्या. त्या खुणा आणि परत आलेल्या क्रेटमधल्या उरलेल्या पिशव्या ताडून आज नोंदी हाताने चढवल्या. सगळं जुळलं.

उरलेलं: जुनी आवृत्ती असलेल्या फोनला सकाळी यादीच उतरवू द्यायची नाही, ही अट पोच सेवेत. छापील यादीवर खुणेसाठी उजवीकडे मोकळा रकाना, मुकादमांनी मागितलाय, या आठवड्यात.